झाकण कोण उघडतं?

सोमवार, ५ ऑक्टोबर
आज पुन्हा गोठला! संध्याकाळी घरी आलो तर लॅपटॉप तापलेला, पडदा काळा, पंखा भरभर फिरतोय. बटणं दाबा, माऊस हलवा – ढिम्म. शेवटी बटण दहा सेकंद दाबून गळा घोटला आणि नव्याने चालू केला. आठवड्यातली चौथी वेळ.

सकाळी मी झाकण मिटून त्याला झोपवून जातो. संध्याकाळी तो झोपलेला असावा एवढीच माफक अपेक्षा. धाकटी फोनवर म्हणते, “दादा, सरळ बंद करून जात जा ना!” का म्हणून? मशीनला झोप येत नसेल तर त्याला काहीतरी कारण असणार. ते सापडेपर्यंत मी सोडत नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर
मशीनमधल्या नोंदी काढून वाचल्या. लॅपटॉपवरच्या लिनक्सचं हे बरं आहे, सगळं लिहून ठेवतो. दुपारी ३:१२ – झाकण उघडलं. ३:१३ – मिटलं. पुन्हा ३:१३ – उघडलं. झोपायच्या आत उठवलं, उठायच्या आत झोपवलं, म्हणून बिचारा गोठला.

पण उघडलं कोणी? मी कामावर. बाबांकडे बघायला ठेवलेली मावशी तीन ते साडेतीन गॅलरीत फोनवर बोलत बसते. खोलीत फक्त बाबा. आणि बाबा अकरा महिने पलंगावर आहेत, वाचाही गेलेली.

सेन्सर! बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. रिकाम्या मजल्यावर दार उघडलं की लोक भूत म्हणतात, आम्ही सेन्सर पुसतो. आजवर एकदाही भूत निघालं नाही.

बुधवार, ७ ऑक्टोबर
मावशीला विचारलं, लॅपटॉपला हात लावता का? “मी कशाला लावू भाऊ? मला तर त्याची धास्तीच वाटते.” मग दारापाशी घुटमळली. म्हणाली, “दुपारी खोलीत टकटक होते. आत जावं तर कोणी नाही. आजोबा नुसते छताकडे बघत पडलेले.”

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग स्वतःलाच हसलो.

लॅपटॉप बाबांच्या पलंगाला लागून असलेल्या टेबलावर असतो, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथेच आहे. मुळात तो त्यांचाच. आजारी पडेपर्यंत रोज सकाळी त्यावर पेपर वाचायचे, मला मोठमोठ्या चिठ्ठ्या टाईप करून पाठवायचे. आता डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं आत पोचत नाही. डावा हात कधी कधी हलतो, पण ते नुसते झटके. “तुम्ही उगाच आशा लावून बसू नका.”

शुक्रवार, ९ ऑक्टोबर
३:०९. परत.

लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर एक जण माझ्या मदतीला आलाय, या भानगडीच्या हात धुऊन मागे लागलाय. त्याचं म्हणणं – झाकणात लोहचुंबक असतं, जवळ दुसरं आलं की मशीन फसतं. म्हणून टेबलावरचं सगळं हटवलं – औषधांचा डबा, मावशीच्या फोनचं कव्हर, बाबांचा जुना चष्मा. चष्म्यात कुठलं चुंबक! पण हटवला.

धाकटीचा फोन. शुश्रूषा केंद्रात खोली रिकामी झालीय. चोवीस तास नर्स, डॉक्टर खालच्याच मजल्यावर. “दादा, तू किती दिवस ओढणार?” मी नेहमीसारखा बाबांच्या पायाशी बसून स्पीकरवर बोलत होतो. म्हटलं, मावशी आहे तोवर बाबा घरातच राहतील. माझं चालतंय.

रविवार, ११ ऑक्टोबर
सुट्टी. मशीन दिवसभर मांडीवर घेऊन बसलो. उघड-मीट वीस वेळा केली. एकदाही अडखळलं नाही. लिफ्टही अशीच, मेकॅनिक आला की शहाण्यासारखी वागते.

फोरमवाल्याचं ऐकून चित्रांचा सगळा थाट काढून टाकला. आता चालू झाला की काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत, आत शिरण्याआधी एकच प्रश्न – नाव काय? गोठण्यामागे चित्रांचा ड्रायव्हर असेल तर आता गोठणार नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर
नाही गोठला! ड्रायव्हरच होता.

पण झाकण ३:११ ला उघडलं, आणि उघडंच राहिलं. मी आलो तेव्हा पडदा बाबांच्या बाजूला वळलेला होता. सकाळी मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. नक्की? नक्की. सेन्सर खोटं बोलू शकतो, पण लॅपटॉप कसा फिरेल?

मावशीनेच पुसताना सरकवला असणार. आणखी कोण?

मंगळवार, १३ ऑक्टोबर
कामावर फोन आला. मावशी नुसती रडत होती. आज टकटक ऐकून ती पाय न वाजवता दारापर्यंत गेली. झाकण उघडं, खिडक्या मिटून खोलीत अंधार, बाबांच्या तोंडावर लॅपटॉपचा उजेड. डोळे टक्क उघडे. ती तिथूनच फिरली, शेजाऱ्यांकडे जाऊन बसली.

मी धावत घरी आलो. ती बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, “आजी येतात, भाऊ. आजोबांना न्यायला येतात. मी शनिवारपर्यंत थांबते, पुढे मला नका सांगू.”

आई जाऊन दोन वर्षं झाली. मी मावशीवर ओरडलो. ओरडायला नको होतं.

नवीन बाई लगेच कुठून आणू? संध्याकाळी धाकटीला फोन केला – शनिवारी नेऊ बाबांना. तिथेच, त्यांच्या पायाशी बसून बोललो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळे कोरडे पडले की असं होतं. थेंब घातले.

बुधवार, १४ ऑक्टोबर
आज ३:०४. म्हणजे मावशी गॅलरीत गेली न गेली तोच.

मला आता या खोलीत एकट्याने बसवत नाही. स्वतःच्या बापाच्या खोलीत! मानेवर कोणाची तरी नजर आहे असं वाटतं. वळून पाहिलं तर बाबाच बघत असतात, किंवा बघत नसतात, कळत नाही.

पुरे झालं. कारण सापडो न सापडो. सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली – झाकणाकडे दुर्लक्ष कर. आता सकाळी मीच हुकूम देऊन झोपवणार; मग झाकण उघडो, मिटो, नाचो, मशीन उठणार नाही. लिफ्टचा एखादा सेन्सर ऐकेनासा झाला की शेवटी आम्ही त्याची वायरच काढतो.

गुरुवार, १५ ऑक्टोबर
दिवसभर झोपला! नोंदींत एक अक्षर नाही. जीव भांड्यात पडला. मावशीही म्हणाली, टकटक थोडा वेळ झाली आणि थांबली.

शनिवार, १७ ऑक्टोबर
नेलं.

स्ट्रेचरवर घेताना बाबांच्या डाव्या हाताने पलंगाची कड धरली होती. झटका असेल तर तो इतका वेळ टिकतो का? वॉर्डबॉयने एकेक बोट सोडवलं. मला बघवेना, मी पिशवी भरत राहिलो. मावशी पदर तोंडाला लावून जिन्यात उभी. केंद्रातली खोली स्वच्छ आहे, खिडकी मोठी आहे. मी बाबांना म्हटलं, येतो हां रविवारी. मग आठवलं, ऐकू जात नाही. तरी दोनदा म्हटलं.

घर खायला उठलंय. मी वाईट मुलगा आहे का? धाकटी नाही म्हणते. धाकटीने ते हाताचं पाहिलं नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर
बाबांकडे निघण्याआधी फोरमवाल्याला शेवटचं कळवत होतो. तो म्हणाला, बाहेरून कोणी घुसायला बघत नव्हतं ना, ते एकदा तपासा. ‘नाव काय?’ला कोणी चुकीचं उत्तर दिलं तर मशीन तेही लिहून ठेवतं. काढून पाहिलं. सगळं याच कीबोर्डवरून, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, एकाला एक चिकटून. मी इथे सुटं करून लिहितो.

सोमवार ३:१४ – ऐकू येतं
सोमवार ३:१९ – सगळं ऐकू येतं
मंगळवार ३:१२ – बाबा
बुधवार ३:०६ – आई नाही मी आहे
बुधवार ३:११ – नको पाठवू
बुधवार ३:१७ – नको पाठवू

गुरुवारपासून काही नाही. गुरुवारीही त्यांनी झाकण उघडलं असणार. दुर्लक्ष कर म्हणून मीच सांगून ठेवलं होतं.