बिनआवाजाचा कॉम्प्युटर

९ जानेवारी २००७
कारखान्याची चावी गोदामवाल्याला दिली. कापड विणायचे बारा लूम डिसेंबरातच भंगारात गेले. तोडताना मी गेलो नाही. आज शेड रिकामी बघितली, फरशीवर तेलाचे बारा चौकोन. एकतीस वर्षं त्या खडखडाटात काढली.
घरी आल्यावर सुमनला म्हटलं, आता फक्त गाणं ऐकणार. नीट, बसून.
"ऐका," म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

१२ जानेवारी, शुक्र.
शुक्रवारची सुट्टी, लूम बंद, नाक्यावर सगळे मोकळे. इक्बाल भेटला. शेजारच्या शेडमधला, तीस वर्षांची दोस्ती. गाणं ऐकायला मला त्यानेच शिकवलं. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या घरी रेकॉर्ड प्लेयर होता, तिथे शुक्रवारी दुपारी बसायचो.
म्हणाला, हल्ली चांगले ऐकणारे सीडी प्लेयर वापरत नाहीत. सीडीतलं सगळं कॉम्प्युटरमध्ये घेतात, एक कणही न गाळता, आणि कॉम्प्युटरच वाजवतात. त्याचा जावई शकील कॉम्प्युटर जुळवून देतो, बाजारात दुकान आहे. "मधू, जावयाला काम दे. पोरगा प्रामाणिक हाय."

१९ जानेवारी
शकीलकडे दोन तास. माझी अट एकच, मशीनचा स्वतःचा आवाज नको. पंखा नको.
"चाचा, बगैर पंखे के जल जाएगा."
म्हटलं, मी आधी जॉबर होतो, लूम दुरुस्त करणारा, गरम मशीन मला शिकवू नकोस. मग कागदावर काढून दाखवलं. कमी विजेचा प्रोसेसर, त्यावर तांब्याचा मोठा ठोकळा, वर जाळी. गरम हवा आपली आपण वर जाईल. बघत बसला. मग म्हणाला, होईल. हुशार आहे. ऐकून घेतो.

२७ जानेवारी
मुंबईत लॅमिंग्टन रोड, सुट्या भागांचा बाजार. शकील बरोबर होता. सगळं मिळालं, फक्त डॅक मिळाला नाही. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा. सगळा खेळ त्याचाच. शकील ओळखीच्याकडून मागवून देणार.

४ फेब्रु.
मशीन उभं राहिलं. हार्डडिस्क स्क्रूने आवळली तर तिची थरथर पत्र्यात उतरते. म्हणून लूमच्या रबरी पट्ट्या कापून तिला झोपाळ्यासारखी टांगली. शकील हसला, पण मोबाइलवर फोटो काढला. पत्र्याला आतून लोकरीचा नमदा चिकटवला. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग घेतलं, स्पीकरमधली गुणगुण गेली.
चालू केलं. कान लावला. काहीच आवाज नाही. हात लावला तेव्हा कळलं चालू आहे.
सुमनला बोलावलं. "बारीक सूं असं येतंय," म्हणाली. काही तरी बोलायचं म्हणून बोलते.

११ फेब्रु.
डॅक आला. जोडला. दुपारी लोडशेडिंग संपल्यावर पहिली सीडी लावली, इक्बालकडे ऐकायचो तीच नाचाची मैफल, आता सीडीवर मिळते.
तबला चांगला. बोलांची पढंत चांगली. पण घुंगरू कुठेत? नाचणारी उभी आहे एवढंच कळतं, पाय वाजत नाहीत. सगळं गोधडीखालून आल्यासारखं.
दोनदा लावली. तेच.

१७ फेब्रु.
केबल बदलली. विंडोजचा मिक्सर वाटेत येऊन आवाज मळवतो म्हणतात, तो टाळणारा ड्रायव्हर शकीलने घातला. सीडी पुन्हा कॉपी केली, या वेळी ताळा करून. एकही चूक नाही.
घुंगरू नाहीत.
सुमन दारातून म्हणाली, "वाजतायत की." तिला काय कळतंय.

२३ फेब्रु., शुक्र.
इक्बालला बोलावून ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण सीडी ऐकली. म्हणाला, "मस्त. अगदी मस्त."
विचारलं, घुंगरू?
"आता काय मला एवढं..." आणि थांबला.
मी म्हटलं, तुझे कान कारखान्यात गेले इक्बाल, तुला विचारण्यात अर्थ नाही. किंवा जावयाचा माल म्हणून बोलत असशील.
चहा अर्धा ठेवून उठला. सुमन त्याला दारापर्यंत सोडायला गेली. ती परत येईपर्यंत मी पुढची सीडी लावली होती.

२ मार्च, शुक्र.
डॅक घेऊन शकीलच्या दुकानात गेलो. शुक्रवार, बाजार भरलेला. दुकानात चार-पाच जण, सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याचे, शेटही होते. ते आपल्या ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेणार होते.
म्हटलं, हा डुप्लिकेट आहे. आतला माल बदललाय.
शकीलने बिल काढलं. मी बघितलं नाही. डबा उघडून दाखवतो म्हणाला. म्हटलं, उघडून मला काय कळणार, माझे कान मला सांगतात ते पुरे आहे.
"चाचा, आवाज कम करो, सब सुन रहे हैं."
म्हटलं, ऐकू देत. चोराच्या दुकानात आलेत ते त्यांनाही कळू दे.
हे शब्द मी बोललो. लिहून ठेवतो.
डॅक परत घेऊन आलो. दुसरा मागवायचा तर पुरावा पाहिजे.

६ मार्च
इक्बाल नाक्यावर आला नाही. कालही नाही.

११ मार्च, दुपार
पुरावा मिळाला. इंटरनेटवरून टोन उतरवून घेतले, सरळ शिट्टीसारखे आवाज, एकेक पायरी वर जाणारे. सेकंदाला हजार कंपनं, दोन हजार, तीन, चार, सहा, आठ.
हजार, चांगला. दोन हजार, चांगला. तीन, बारीक. चार हजारांना मशीन गप्प. सहा, गप्प. आठ, गप्प. म्हणजे वरचं सगळं हा डॅक गिळतो. मी म्हणत होतो तेच.
खात्री करायला अॅम्प्लिफायर पूर्ण फिरवला आणि आठ हजारांचा टोन पुन्हा लावला. काही नाही. साक्षीदार असावा म्हणून सुमनला हाक मारली.
ती स्वयंपाकघरातून धावत आली. दोन्ही हात कानांवर.
"बंद करा ते. बंद करा, डोकं फुटतंय."
खोलीत शांतता होती.

१२ मार्च
लिहायला काही नाही.

१५ मार्च
ठाण्याला कानाच्या डॉक्टरबाई. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. बराच वेळ बटण हातात धरून नुसता बसलो होतो. काचेपलीकडे सुमन माझ्याकडे बघत होती, मग बघायची थांबली.
कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे ठीक चालते, मधे येऊन कड्यावरून पडल्यासारखी खाली.
"कुठे काम करत होता?"
"भिवंडी. लूम."
"किती वर्षं?"
सांगितलं. तिने मान हलवली, नवीन काही कळलं नसल्यासारखी. गेलेलं परत येत नाही म्हणाली. यंत्र लावलं तर बोलणं समजेल. गाण्याचं विचारलं. "थोडंफार येईल, पण पूर्वीसारखं ऐकू येईल अशी आशा धरू नका."
मशीन नीट होतं. पहिल्या दिवसापासून.

१८ मार्च
तीन दिवस विचारायचं टाळलं. आज जेवताना विचारलं, तुला माहीत होतं?
"मोबाइल वाजला की तुमच्या हातात कोण आणून देतं?" म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं? आठ वर्षं झाली."
मग सांगायचं होतं.
"सांगितलं. दवाखान्यात चला म्हटलं, दोनदा. तुम्ही म्हणालात, कारखान्यातल्या माणसाला असंच असतं. तुम्हाला ऐकून घ्यायचं न्हाय तर मी किती ओरडू?"
मी म्हटलं, निदान मशीन बांधताना बोलायचंस. शकीलला बाजारात चोर म्हणालो तेव्हा...
"वाजतायत म्हटलं ना मी. घुंगरू वाजतायत म्हटलं. तुम्ही काय म्हणालात?"
काय म्हणालो ते वहीत आहे. तिला मोठ्यानं बोललो होतो की मनात, आठवत नाही.
भांडी उचलताना म्हणाली, "हळू बोलायचं मी सोडूनच दिलं. ज्या गोष्टी ओरडून सांगता येतात तेवढ्याच आपल्यात राहिल्या."
हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. माझ्यासाठी तिने ओरडूनच सांगितलं होतं.

२० मार्च
तिच्या त्या वाक्याचाच विचार. आठ वर्षांत काय काय सांगायचं राहिलं असेल, ते विचारायची हिंमत नाही. विचारलं तर तेही ओरडून सांगावं लागेल, शेजारी ऐकतील.

२४ मार्च
शकीलच्या दुकानाला कुलूप. शेजारच्या टेलरने सांगितलं, दुपारनंतर उघडतो. सायझिंगवाल्यांनी ऑर्डर काढून घेतली, मग आणखी दोघांनी. आता सकाळी राहनाळला कुठल्या गोदामात नोकरी करतो, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद.
टेलरने मला ओळखलं. बसा म्हणाला नाही.

२६ मार्च
राहनाळला गेलो. गोदामाच्या दारात ट्रक लागलेले, आत एका कोपऱ्यात शकील कॉम्प्युटरसमोर. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. त्याचं वागणं पूर्वीसारखंच चांगलं होतं. ते जास्त लागलं.
म्हटलं, माल खरा होता. खोट माझ्या कानात होती. डॉक्टरचा कागद आणलाय.
कागद बघितला नाही. मी त्याचं बिल बघितलं नव्हतं तसंच. मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही.
"ठीक है चाचा. हो गया."
म्हटलं, मला माफ कर.
मग मराठीत बोलला, शब्द सावकाश, मला ओठ दिसावेत असा समोर वाकून. म्हणजे त्यालाही कळलं होतं, कधीपासून कुणास ठाऊक.
"माफी नको म्हणत नाही. पण तुम्ही चोर म्हणालात ते भर बाजारात. इथे तर कुणीच ऐकलं नव्हतं."

२७ मार्च
इक्बालच्या घरी. बैठकीत बसवलं, चहा आला, इक्बाल बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "माझ्याशी काय बोलतोस, शकीलशी बोल."
बोललो म्हटलं. तो काय म्हणाला तेही सांगितलं.
"बरोबर म्हणाला." मग म्हणाला, "त्या दिवशी तू माझ्या कानांवर बोललास. मधू, माझे गेलेत. दहा वर्षं झाली, मला ठाऊक हाय. मला पण घुंगरू न्हाय ऐकू आले."
मग मस्त का म्हणालास?
"तुझं तोंड बघून. एवढं मेहनतीनं केलं होतंस." चहाकडे बघत बसला. "आणि आठवलं की वाजतात. बघ कधी."
माझ्याच्याने ते होत नाही. मला आठवतंय ते आणि समोर वाजतंय ते यांच्यातला फरक तेवढा ऐकू येतो.
निघताना हात मिळवला, पण उठला नाही.

२९ मार्च
यंत्र आणलं, कानात घातलं. ताट ठेवल्याचा आवाज लूमच्या खटक्यासारखा लागतो. नाचाची सीडी लावून बघितली, घुंगरू पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसे. काढून ठेवलं.
दुपारी बाहेरून आलो तर सुमन मशीनसमोर बसली होती. एकटी. चालू कसं करायचं ते शकीलकडून केव्हाच शिकून घेतलं होतं म्हणे. नाचाचीच सीडी. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर चालत होती, तबल्याच्या ठेक्यावर नाही, दुसऱ्याच कशावर तरी, जलद आणि बारीक.
मी दारात उभा राहिलो. मशीन उत्तम झालंय. शकीलने आणि मी बांधलेली ही सगळ्यात चांगली वस्तू. ती कशी वाजते हे मला तिच्या बोटांवरून कळलं.
तिने डोळे उघडले आणि आवाज बंद केला. म्हटलं, राहू दे. "झालं माझं," म्हणून उठली. मला थांबवता आलं नाही.

३० मार्च, शुक्र.
आज बाजार भरेल. शकील चारला दुकान उघडतो. सायझिंगवाले शेट शुक्रवारी तिकडे असतातच.
सकाळपासून वाक्य जुळवतोय. माल खरा होता, शकील खरा होता, मी बहिरा आहे. पहिली दोन येतात. तिसरं आरशासमोर म्हणायला गेलो तर ओठ हलले, आवाज किती निघाला कळलं नाही. हळू बोललो तर तिथे कुणाला ऐकू जाणार नाही. मोठ्यानं बोललो तर ओरडल्यासारखं होईल, पुन्हा भांडायला आलाय म्हणतील. कुणी उलट काही विचारलं आणि मला ते समजलं नाही तर?
सुमनला म्हटलं, तू नको येऊस.
कपाटातून यंत्र काढून टेबलावर ठेवलंय. घालायचं का ते ठरत नाही. घातलं तर लोक आधी तेच बघतील.
साडेतीन. सुमन चपला घालून दारात उभी आहे. मी अजून लिहितोच आहे.