आरतीच्या मागचं स्पॅनिश गाणं

मी, गोदावरी बाबाराव बोंद्रे, राहणार बुढापारा, रायपूर, वय अठरा वर्षं एकवीस दिवस, पूर्ण शुद्धीत अन् कोनाच्या दबावाशिवाय हे लिहून देते. कचेरीत अर्ज टाईप करणारे दयारामभाऊ म्हणाले, अठरा झाले म्हणजे मृत्युपत्र चालते. सोमवारी नागपूरले माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात ठीक होईल. होईल. पण चार लोकांत बोलाले गेली की माझा आवाज निघत नाही, म्हणून लिहून राहिली.

एक. घर अन् कॅसेटी भरून द्यायचं दुकान बाबांचं. माझं फक्त दोन कॅसेटींचं डेक. नववीत शाळा सोडली तेव्हा बाबांनी दिलं. म्हणाले, "गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणे लिहून देते, तू भरून देजो. बोला नाही लागत." ते बाबांलेच परत.

दोन. ज्या मॅडमनं वर्गापुढं "मुकी आहेस का" म्हटलं, त्यांले साठ मिनिटांची कोरी कॅसेट. दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्या.

तीन. कॅसेटीचे स्क्रू खोलायचा पेचकस अन् फीत गुंडाळायची पेन्सिल मामेबहीण ईराले. ईरा, तिले टोक करू नको. ती लिहायची नाही.

चार. लाल लेबलची कॅसेट. चौबे कॉलोनीतले रामकृष्ण काका आपली जुनी रेकॉर्ड घेऊन आले होते, कॅसेटीवर उतरवून घ्याले. "स्पॅनिश आहे, गोदू. ह्या चालीले बोलेरो म्हणतात. प्रेमाचं आहे. माझ्याहून म्हातारं." काका गेले, रेकॉर्ड भंगारात गेली, मी माझ्यासाठी उतरवलेलं तेवढं राहिलं. दोन गिटार अन् एक बाई. मले एक शब्द समजत नाही. पण ती घाई करत नाही. तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास घेते, तो ऐकू येते. जिना चढल्यावर मी घेते तसाच. मग गाते.

बाबांचा नियम, बाजूच्या शेवटी फीत कोरी सोडायची नाही, गिऱ्हाईकाले फसल्यासारखं वाटते. एकदा चुकून लाल कॅसेट लागली, अन् शेजारच्या प्रेमला मावशीच्या महालक्ष्मीच्या आरत्यांमागं ते गाणं गेलं. हळदीकुंकवात वाजलं. मावशी दुकानात आली. "काहून वं पोट्टे, आरतीच्या मागं ही कोन बया रडून राहिली? बाया प्रसाद हातात धरून बसल्या, उठेचनात."

बाया उठल्या नाहीत, तेवढं मी ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम भराले लागली. तीन मिनिटं उरली की ते.

भनपुरीचे ट्रकवाले भैय्यालाल भैया तर छत्तीसगढीत भांडालेच आले. "ए नोनी, देवी के गाना के पाछू ये कोन रोवत हे?" आठ दिवसांनी परत आले. "वो रोवइया ला पूरा भर दे, दूनो कोती." दोन्ही बाजूंले तेच भरून नेलं.

पाच. माझा मोठा भाऊ सुशील म्हणते, रायपूर राजधानी झालं, आता सीडी चालते, ह्या रडगाण्यानं दुकानाची इज्जत गेली, तू नागपूरले गेली की त्यावर दुसरं भरतो. सुशील भैया, लाल कॅसेट तुले नाही. ती भैय्यालाल भैयाले. अन् तू आधीच खोडली, तर खोड. दोन वर्षं मी ज्याच्या-त्याच्या कॅसेटीत उरलेल्या जागी ते भरलं आहे. ह्या मोहल्ल्यात, त्या पाऱ्यात, लग्नाच्या गाण्यांमागं, भजनांमागं. आता घरोघरी जा, दार वाजव, एकेक मागून घे. मले कधी कोनाचं दार वाजवता आलं नाही. तुले जमते का पाहा.

सहा. मी परत आली तर हा कागद फाडावा. गाणं मी भरतच राहीन.

रायपूर, ९ नोव्हेंबर २००२
(सही) गोदावरी बा. बोंद्रे

भैय्यालाल भैया साक्षीदार म्हणून सही कराले आले होते. ज्याले मृत्युपत्रात काही भेटते त्यानं साक्षीची सही करू नये, म्हणून बाहेर ट्रकपाशी उभे आहेत.

साक्षीदार पहिला: दयाराम साहू. मजकूर वाचला, काही बदलला नाही.

साक्षीदार दुसरी: प्रेमला मारोती ठवकर. पोरीनं माझ्यासमोर सही केली, शुद्धीत आहे. सुशील, माझ्या घरी येशील तर चहा भेटंल. कॅसेट भेटणार नाही.