दोन साले आणि मधली रेघ

मेडशी, गुरुवार

चि. रवी यास मंजूताईचा सप्रेम जय भीम.

तुझी पाठ कशी आहे? (मलम चोळून काही होत नाही, चालत जा.) आमची प्रकृती उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझे भाऊजी वारल्याची बातमी आसेगावपर्यंत पोचली आहे. ते मागे तुरीत उभे आहेत. फोन आम्हा दोघांत एकच, म्हणून हे पत्र अकोल्याला निघालेल्या शेजारच्या हेमलाच्या हाती देते.

झाले असे. येत्या रविवारी गावात त्यांच्या शेतीसंशोधनाबद्दल सत्कार आहे. फ्लेक्स छापणाऱ्या जगदेवने विचारले, साहेब, संशोधन किती वर्षं केलं? दुसरा कोणी चाळीस म्हणून मोकळा झाला असता. यांनी दोन दिवस विचार केला. नोकरी लागल्यापासून धरावे, तर सुरुवातीची वर्षे वरिष्ठांच्या पिशव्या उचलण्यात गेली. निवृत्तीपर्यंत धरावे, तर शेवटची बैठकांत गेली. म्हणून पहिला छापील लेख ते शेवटचा छापील लेख, एवढेच खरे, असे ठरले. जगदेवने (मुलीच्या लग्नातल्या) हार घातलेल्या फोटोखाली लिहिले, १९८६ – २००८, आणि फ्लेक्स एसटी स्टँडवर लावला.

सर्वांत आधी गल्लीच्या टोकाच्या नानीबाई आल्या, दारातूनच रडत. "अवं मंजू, दौलतराव गेले अन् मले कोनी सांगतलं बी नाई!" हे टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आले. "नानीबाई, मी हाय ना." त्यावर त्या चिडल्या, "मंग फोटोले हार कायले घातला?" संध्याकाळपर्यंत अकरा माणसे येऊन गेली. मी प्रत्येकाला चहा देऊन परत पाठवले.

हसू नको. हे स्वतः स्टँडवर जाऊन फ्लेक्स पाहून आले, तेव्हापासून धड जेवत नाहीत. सत्काराला जाणार नाही म्हणतात. "लोकायचं काय चुकलं? दोन हजार आठनंतर मी काय केलं, सांग." मी ताट झाकून ठेवले.

तुझी ताई,
मंजुषा

ता. क. त्यांचा तुरीच्या मर रोगावरचा लेख उन्हाळ्यापासून तुमच्या पत्रिकेकडे पडून आहे. संपादक तू आहेस. नाते पाहून छापू नको. पण वाच, आणि छापण्याजोगा असेल तर रविवारच्या आत तसे कळव. त्यांना यातले काही माहीत नाही.

दुसरा ता. क. मी पाकीट शोधायला उठले, तेवढ्यात तुरीतून येऊन त्यांनी पत्र वाचले. रागावतील वाटले होते. म्हणाले, "रवीले म्हना, थांब. यंदा तीन झाडं माह्या लेखाच्या उलट वागून राह्यली. एक हंगाम अजून पाहू दे." मग भाकरी मागितली. तेव्हा छापू नको, लेख परत पाठव. फ्लेक्सवरच्या दुसऱ्या सालावर कागद चिकटवायला मी जगदेवला लावला आहे.