न बोलावलेलं वीजकेंद्र

प्रिय फ्यूजबाई,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या मायन्याने सुरुवात केली की पत्र सरकारी वाटायला लागतं. तसे दोन कागद फाडून झाले. शेवटी म्हटलं, नऊ वर्षांची असताना जिने खुर्चीवर स्टूल ठेवून घरातला उडालेला फ्यूज बसवला आणि आई ओरडल्यावर उलट माझीच तक्रार केली, ती दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देणार नाही.

मी सभागृहाच्या वाचनालयात बसून लिहितो आहे. सकाळचे अकरा वाजलेत. इथे या वेळी कुणी नसतं. सदस्य वाचायला येतात असा फक्त आमच्या ग्रंथपालांचा समज आहे. आईचा गुडघा कसा आहे? फोन केला की ती म्हणते, सगळं ठीक आहे, आणि लगेच फोन ठेवते. एरवी भाजीच्या भावापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगितल्याशिवाय न सोडणारी बाई ती. सात महिने ती माझ्याशी असं दोन वाक्यांत बोलते आहे. तुझ्या घरी राहते, तुझा चेहरा रोज बघते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही.

गुरुवारी तुझ्या चौकशीची शेवटची सुनावणी. नोकरी राहणार की जाणार, आणि बावीस वर्षांच्या कामावर 'निष्काळजीपणा' हा शब्द कायमचा चिकटणार की नाही, हे त्या दिवशी ठरेल. हे तुला सांगायची गरज नाही. पण मी गेले कित्येक दिवस दुसरं काही नीट वाचू शकलेलो नाही, म्हणून लिहून टाकलं.

तुझा जबाब मी तीनदा वाचला. पहिल्या वेळी भाऊ म्हणून वाचला आणि काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी ऊर्जा समितीचा अध्यक्ष म्हणून वाचला, तेव्हा तर अजिबातच कळलं नाही. तिसऱ्या वेळी कागद-पेन घेऊन बसलो, तू मला शाळेत बीजगणित शिकवायचीस तसा, एकेक पायरी करत. मोठ्या भावाला धाकट्या बहिणीने गणित शिकवावं, ही आपल्या घरची जुनी नामुष्की. आता मला काय समजलंय ते तपासून बघ. प्रत्येक वीजकेंद्राने सकाळी दहाच्या आत नियंत्रण कक्षाला कळवायचं की उद्या आमची इतकी वीज तयार आहे. नियंत्रण कक्ष आधी स्वस्त वीज घेतो, मग त्याहून महाग, आणि अगदीच नड आली तर सगळ्यात महाग. पण ज्याने 'तयार आहे' असं कळवलं, त्याला बोलावलं नाही तरी तयार राहण्याचे पैसे मिळतात. यात गैर काही नाही. आग रोज लागत नाही, म्हणून आपण अग्निशमन दल मोडीत काढत नाही. या व्यवस्थेचं मी सभागृहात समर्थन केलं होतं, माझ्या रविवारच्या सदरात दोनदा कौतुकही केलं होतं.

आता यातली मेख. एखाद्या केंद्राने आपला दर इतका चढा ठेवला की त्याला कधीच कुणी बोलावणार नाही, तर ते खरंच तयार आहे की नाही हे कोण बघणार? रोज सकाळी एक ओळ कळवायची, तयार आहोत. बस. तुमच्या नियंत्रण कक्षात जुन्या लोकांना हे माहीत होतं. लिहिलेलं कुठे नव्हतं, पण असं जे एक केंद्र होतं, त्याला बोलवायचं नाही अशी रीत पडली होती. नवीन माणूस आला की चहाच्या वेळी त्याच्या कानावर घातलं जायचं. तुझ्या कानावरही घातलं असणार. आणि तू, माझी बहीण असल्यामुळे म्हण किंवा नसतीस तरीही, विचारलं असणार की का नाही बोलवायचं.

मग तो दिवस आला. भर दुपारी दुसऱ्या केंद्रांतले वीजनिर्मितीचे दोन मोठे संच एकापाठोपाठ बंद पडले. तुझ्यासमोरच्या यादीत एकच नाव उरलं होतं, तयार आहोत असं सकाळीच कळवलेलं. तू नियमाप्रमाणे त्याला बोलावलंस. तुझ्या जबाबात लिहिलंय की तिकडे फोन माळ्याने उचलला आणि साहेब जेवायला गेलेत म्हणाला. वाचताना मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. तू दोनदा आदेश दिलास, दोन्ही वेळा वेळ टाकून वहीत नोंद केलीस. वीज आली नाही. चाळीस मिनिटांनी निम्मं शहर अंधारात गेलं. दुसऱ्या दिवशी केंद्राने आपलं रजिस्टर पुढे केलं. बॉयलर त्याच दिवशी सकाळी अचानक बिघडला, तसं आम्ही अकरा वाजता नियंत्रण कक्षाला फोनवर कळवलं, ड्यूटीवरच्या बाईंनी लक्ष दिलं नाही. तू म्हणतेस, असा फोन आलाच नाही. त्यांच्याकडे रजिस्टर, तुझ्याकडे फक्त तुझा शब्द.

त्या रविवारचं माझं सदर तू वाचलंस. वाचलं नसतंस तर बरं झालं असतं. त्यात मी लिहिलं की व्यवस्था निर्दोष आहे, माणूस चुकला. नात्यागोत्याचा मुलाहिजा न ठेवता कडक चौकशी व्हावी, आणि सांगायला दुःख होतं की त्या वेळी कामावर असलेली अधिकारी माझी सख्खी बहीण आहे. काय तारीफ झाली माझी. विरोधी बाकांवरच्यांनी हात मिळवले. असा माणूस हवा म्हणाले. दोन महिन्यांत मला ऊर्जा समितीचं अध्यक्षपद मिळालं. तू नेहमी म्हणायचीस की मी नाकाने कांदे सोलतो. त्या दिवसांत मी पोतंभर सोलले. आणि अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर तुझ्या प्रकरणातून अंग काढून घेतलं. हितसंबंध आहे म्हणून. नियमाला धरूनच होतं ते. मी बाहेर बसलो आणि आत उरलेल्या तिघांनी वीस मिनिटांत समितीपुरता विषय बंद केला; तुझ्यावरची खात्याची चौकशी तेवढी चालू राहिली.

तरी मागच्या महिन्यात मी समितीच्या लोकांबरोबर ते केंद्र बघायला गेलो. दरवाज्यावर झाडलोट झालेली, दोन्ही बाजूंना फुलझाडं. माळी मात्र खरोखर कामाचा आहे. आम्हाला डोक्यावर घालायला कोरी हेल्मेटं दिली, त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. कोळशाच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या मोटारी ओळीने लावलेल्या होत्या, आणि एकाही मोटारीवर काळा कण नव्हता. बॉयलरच्या इमारतीला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, तर रजेवर गेलेल्या माणसाकडे. मी तिथे उभा राहून सगळ्यांबरोबर चहा प्यायलो आणि परत आलो. काय विचारायचं ते मला माहीत होतं. विचारलं नाही.

भ्रष्टाचारावर मी आयुष्यभर बोललो. तो शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकणारं पाकीट यायचं. आता वाटतं, पाकीट घेणारे फार थोडे असतात. बाकीचे आपापल्या जागी बसून आपापला नियम पाळत असतात. नियंत्रण कक्ष रीत पाळतो, लेखापरीक्षक रजिस्टर आहे की नाही एवढंच बघतो, समिती हितसंबंध नसलेले सदस्य मोजते. कुणाच्याही हाताला काही लागलेलं नसतं. आणि एक थंड पडलेला बॉयलर वर्षानुवर्षं तयार असतो. कायद्याचं राज्य म्हणजे नियम पाळणं, असं मी तरुण पोरांना व्याख्यानांत सांगत आलो. नियम कशासाठी केला होता, हे आठवण्याची जबाबदारीही त्यातच येते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मलाच कळलेलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इथपर्यंत फिरत फिरत आलो, कारण सरळ यायची हिंमत नव्हती.

वीज जाण्याच्या दोन वर्षं आधी माझ्या कार्यालयात एक पत्र आलं होतं. वहीतून फाडलेलं पान, गिचमिड अक्षर. त्या केंद्रातल्या कुणा फिटरने लिहिलं होतं की बॉयलर थंड आहे, आतल्या नळ्या काढून विकल्या, आम्हाला रोज 'तयार' असं लिहायला लावतात. खाली नाव नव्हतं. मुलं लहान आहेत, एवढंच लिहिलं होतं. निनावी तक्रारींची दखल घेऊ नये असा नियम आहे, आणि त्या नियमासाठी मी स्वतः सभागृहात भांडलो होतो, कारण अशाच एका निनावी चिठ्ठीने एका प्रामाणिक अधिकाऱ्याचं वाटोळं झालेलं मी पाहिलं होतं. मी लाल पेनाने त्या पानावर लिहिलं, 'निनावी. दाखल करू नये.' खाली सही, तारीख. वर कार्यालयाचा आवक शिक्का. इतकं व्यवस्थित, की आज त्या केंद्राच्या रजिस्टरला खोटं पाडू शकेल असा तो एकमेव कागद आहे. आणि मला आधीपासून माहीत होतं, हेही तोच सिद्ध करतो.

ती नावाची जागा भरावी म्हणून मी त्या फिटरला शोधलं. फार कठीण गेलं नाही, तिथून त्या सुमारास नोकरी सोडलेले फिटर दोनच होते. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी बाकड्यावर बसलो, तो चाक फिरवत राहिला. मी म्हटलं, चौकशीत येऊन सांगाल का. त्याने चाक हाताने थांबवलं. मग म्हणाला, "साहेब, तेव्हा मी नाव दिलं नाही म्हणून तुम्ही ऐकलं नाही. आता आधी तुमचं नाव द्या, मग मी माझं देतो."

घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिने चष्मा शोधला, ते पान दोनदा वाचलं, घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. अध्यक्षपद, निवडणूक, लोक काय म्हणतील, यातलं काही ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वन्संना सांगितलंत का?"

काल दुपारी मी ते मूळ पान आणि माझं प्रतिज्ञापत्र चौकशी अधिकाऱ्यांकडे दाखल करून पोच घेतली. गुरुवारी फिटर येईल, नाव सांगेल. अध्यक्षपदाचा राजीनामाही दिला आहे, आणि येत्या रविवारी सदराच्या जागी हेच सगळं छापून येईल. पोच हातात पडल्यावरच तुला लिहायला बसलो, ते मुद्दाम. आधी विचारलं असतं तर तू मला वाचवायला निघाली असतीस. आता ती वाट बंद केली आहे. तू फक्त जा, ताठ बस, आणि विचारतील त्याची उत्तरं दे.

राहिली एक गोष्ट. ती प्रतिज्ञापत्रात लिहिली आहे, आणि गुरुवारी तिथे ती मोठ्याने वाचून दाखवतील. परक्या माणसाच्या तोंडून ती तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. वीज गेली त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. रडत नव्हतीस. मदत मागितली नाहीस. एकच विचारलंस, दादा, त्या केंद्राबद्दल तुला आधी काही माहीत होतं का? मी म्हणालो, नाही. तू म्हणालीस, बरं, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो विषय सोडून दिलास. सात महिने दुसरीकडे पुरावा शोधत राहिलीस. फ्यूजबाई, तुझा फोन वाजला तेव्हा मी ते पान कपाटातून काढलेलं होतं. तुझ्याशी बोलताना ते माझ्या हातात होतं.

तुझाच,
दादा