परदेशी गेलेले साचे

दि. ४ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सख्खा भाऊ कंपनीच्या खरेदी खात्यात, आणि बातमी मला तुमच्या ट्रकवाल्याकडून कळावी, याला काय म्हणायचं? पंपाच्या रबरी रिंगा आता परदेशातून मागवायचं घाटतंय म्हणे.

तुला वेगळं काय सांगू? तुमची ऑर्डर सोडली तर आमच्याकडे आहे काय? आप्पांनी उभे केलेले रबर दाबायचे प्रेस, रिंगांचे काठ कातरणाऱ्या बायका आणि कंबर धरून फिरणारे तुझे भाऊजी. ऑर्डर गेली की कारखान्याला कुलूप. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

तरी बहीण म्हणून माझ्यासाठी काही करू नकोस. योग्य वाटेल तेच कर. आणि फोन का उचलत नाहीस? लहानपणी खाऊ फुटपट्टीनं मोजून वाटायचास, तसं बोलणंही मोजायला लागलास की काय?

जेवण वेळेवर करत जा. माझी माया आहेच, तिची पोच तेवढी दे.
तुझी ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. माझं टेबल साहेबांच्या केबिनला लागून. फोनवर नुसतं ताई म्हटलं तरी सगळे कान टवकारतात. म्हणून खरेदीचा विषय संपेपर्यंत फोन करायचा नाही असं ठरवलं होतं.

तो काल संपला. बैठकीत मी, साहेब आणि माल तपासणारे काका होतो. परदेशी नमुने गुळगुळीत आहेत, भावही कमी आहे. तुमच्या बाजूनंही बोलणं झालं. मागे भाऊजींनी चार दिवसांत साचा दुरुस्त करून दिला होता, तेही निघालं. पण शेवटी निर्णय परदेशी मालाचा झाला. साचे कंपनीच्या मालकीचे, ते तिकडे पाठवायचे आहेत. काका न्यायला येतील.

मला फार वाईट वाटतंय. पण कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नाही, एवढं तरी समाधान. भाऊजींना नमस्कार. मला पत्र लिहिणं तोडू नकोस.
तुझा धाकटा


दि. १५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काका येऊन साचे घेऊन गेले. भला माणूस. चहा घेतला, पण वर बघून बोलवेना त्यांना. तुझ्या भाऊजींनी प्रत्येक साचा तेलाच्या फडक्यानं पुसून दिला. मी म्हटलं, आता कशाला पुसता? तर म्हणाले, परक्या घरी जातायत, मळके कसे पाठवायचे?

बायकांना दुसरं काम बघायला सांगितलं. एकीनं आपली कात्री मागून घेतली. प्रेस भंगारवाल्याला दिले, दुसरं गिऱ्हाईकच मिळेना. रबराचा वास मात्र भिंतींतून जात नाही. भाऊजी दिवसभर रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात.

बाकी ठीक. तू खुशाल राहा.
ताई


दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. कंपनीनं पंपाच्या झाकणाची खोबण जरा बदलली आणि परदेशी रिंगा त्यात बसेनात. पंप गळतायत, गिऱ्हाइकं ते परत आणून टाकतायत. तिकडे कळवलं तर म्हणतात, आधी नवे नमुने, मग नवी मुदत, मग बोट. साहेब म्हणाले, इथे साचा चार दिवसांत दुरुस्त होऊन मिळायचा, रिंगा इथल्याच बऱ्या होत्या, तुझ्या ताईलाच विचार.

ताई, भंगारवाल्याकडे प्रेस अजून असतील तर बघ ना. बायकांना निरोप धाड. मी हात जोडतो. या वेळी मी ठामपणे तुमच्या बाजूनं उभा राहीन. उत्तराची वाट बघतोय.
तुझा धाकटा


दि. १७ ऑगस्ट

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद.

भंगारवाल्याकडे जाऊन आले. प्रेस केव्हाच वितळले. आणि असते तरी रिंगा कशात काढल्या असत्या? साचे तर तूच बोटीवर चढवलेस.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. चहा घेताना काका बोलून गेले, की ते आणि साहेब दोघंही आमच्याकडेच माल ठेवावा म्हणत होते. साहेबांनी शेवटचा शब्द तुझ्यावर सोडला, आणि नाही म्हणणारा एकटा तू. भाऊजींना मी हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, ते अजून तुझं कौतुक करतात.

माझ्यासाठी काही करू नकोस असं मी लिहिलं होतं, खरं आहे. माणसं लिहितात रे तसं. तुला कळायला हवं होतं.

लहानपणी वाटणी करताना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तू लहान तुकडा उचलायचास. आप्पांना त्याचा केवढा अभिमान. पण तो तुकडा तुझा असायचा.

आता फोन करायला हरकत नाही. विषय संपला.
ताई