पन्नास मिनिटांचं विमान आणि मी

३ फेब्रुवारी
पन्नास मिनिटांच्या विमानप्रवासाला खरा वेळ किती? घर ते विमानतळ एक तास. दोन तास आधी जाऊन बसायचं. विमान उशिरा सुटणार, तो एक तास. उडायची पन्नास मिनिटं. उतरून बॅगेची वाट बघत अर्धा तास. एकूण पाच तास वीस मिनिटं. माझी गाडी रस्त्याने तीनशे दहा किलोमीटर, पाच तास दहा. म्हणजे विमान दहा मिनिटांनी मागे. हे कोणी छापत नाही.

धाकटीला ऐकवलं. हसली नाही. म्हणाली, बाबा, बारा तारखेला प्रवासी घेऊन माझी पहिली फेरी, कॅप्टनच्या शेजारी मी. तुम्ही आत बसलेले हवेत, बाकी काही नको.

बघतो म्हणालो.

५ फेब्रुवारी
बघितलं. कुंपणाबाहेरून. दोन पंखे. आमच्या टायरच्या दुकानात उकाड्याला लावलेला याहून दणकट वाटतो. टायर मात्र अव्वल, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर गेल्यावर टायर काय कामाचे?

मी घाबरत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

७ फेब्रुवारी
मेहुणा परतीसकट तिकिटं काढून आला. हिचं, त्याचं, माझं. माझं रद्द करायला लावलं. म्हणतो, भावजी, पंक्चर काढता काढता तीन दुकानांवर चढलात, आणि विमानाच्या चार पायऱ्या चढवत नाहीत? स्वयंपाकघरात ही त्याला हळूच, "अरे, ते आकाशपाळण्यातसुद्धा बसत नाहीत." मला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. पाळण्याचं कारण वेगळं होतं.

जेवताना जाहीर केलं. धाकटी तिकडे उतरेल तेव्हा खाली हात हलवत मी उभा असेन. ती ताटात बघत म्हणाली, मग आदल्या दिवशीच निघा. छे! एकाच वेळी, एकाच दारातून. शर्यत म्हणजे शर्यत.

१२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
मंडळी आत्ता निघतायत! विमानतळ छोटा, पाऊण तास आधी पोचलं तरी चालतं म्हणे. मीही आत्ताच निघणार. तत्त्व म्हणजे तत्त्व. विमान उशिरा सुटेलच.

९.४०
चहाला थांबलो. वरून आवाज आला. मान वर केली नाही. कसलाही असू शकतो.

दुपारी १.२०
पोचलो. पाच तास पन्नास. मध्ये रस्ता खणलेला होता, ते धरू नये.

विमानतळाच्या दाराशी शुकशुकाट. पहारेकऱ्याला ऐटीत विचारलं, विमान आलं का? म्हणाला, कधीच! दहाला आलं, साडेदहाला माणसं भरून परत गेलं. परत कुठे? साहेब, जिथून आलं तिथे.

परतीचं शर्यतीत ठरलंच नव्हतं. हे सरळ नियमाबाहेर.

फोन चालू केला (गाडी चालवताना बंद, तत्त्व). हिला लावला, तर आवाज थेट आमच्या घरातून. कॅप्टनने म्हणे माईकवर सांगितलं, आमच्या नव्या पायलटचे वडील रस्त्याने येतायत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरल्यावर धाकटी विमानाच्या दारात येऊन कुंपणाकडे बघत राहिली. मेहुण्याने हाक मारली तेव्हा आत गेली.

म्हटलं, दे तिला फोन, मी पोचलोय म्हणून सांगतो.

ही म्हणाली, ती जेवून झोपली.