जे परत आले नाहीत

७ जून
चि. मुंगीस, मामाचे अ. उ. आ.

खुशाली विचारण्याआधीच भांडतो. आपला शिंपी मोतीबिंदूसाठी तुझ्या मोठ्या इस्पितळात आला काय आणि तू त्याची झोपेची गोळी एका फटक्यात बंद केलीस काय! अकरा वर्षं मी ती देतोय. आज तो दवाखान्यात येऊन रडला. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, हात इतके कापतात की गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लावली. म्हणतो, ताईंनी छापील कागद दाखवला, साठीनंतर ही गोळी वाईट. कागदाचे हात कापतात का गं? चाळीस वर्षांत या गोळीने कुणाचं वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. मी ती पुन्हा सुरू केली आहे. मामी म्हणाली, राग निवल्यावर पत्र टाका. मी आजच टाकतोय.

लोभ आहे म्हणूनच ओरडतो.
तुझा मामा

१५ जून
ती. मामांना, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. गोळी हळूहळू उतरवायची असते, हे त्याच कागदावर लिहिलंय. मी घाई केली. शिंपीकाकांची माझ्या वतीने माफी मागा. पण आता माझा राग ऐका. तुम्ही वाकडं पाहिलं नाही, कारण ज्यांचं झालं ते तुमच्या पायऱ्या चढूच शकत नाहीत. ते गोळीच्या गुंगीत पडून, खुबा मोडून माझ्या वॉर्डात येतात. या महिन्यात चौघे आले, तिघांच्या पिशवीत हीच गोळी. हजारो म्हाताऱ्यांना, पडलात का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो कागद झाला. तुम्ही कुणाला विचारलंत?

उद्धटपणा पोटात घाला. आईला कळवू नका, ती तुमचीच बाजू घेते.
तुमची मुंगी

२ जुलै
चि. मुंगीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुरगाळून फेकलं. मामीने ते हाताने सपाट करून टेबलावर ठेवलं. मग, दाखवतोच हिला, म्हणून जुने केसपेपर काढले. ही गोळी घेणारे नऊ जण यायचे थांबले होते. बरे झाले असतील, अशी माझी समजूत. घरोघर गेलो. सात जणांचं ठीक होतं. पोस्टमन न्हाणीघरात पडला, तो वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. आणि वाचनालयातल्या बाई, तुला गोष्टींची पुस्तकं काढून द्यायच्या त्या. शेजारच्या गावी मुलीकडे राहायला गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सकाळी पलंगावरून उठताना पडल्या, महिन्याभरात गेल्या.

मला कळवलं का नाही, म्हणून मी त्यांच्या मुलीवरच डाफरलो. ती शांतपणे म्हणाली की तुम्ही कधी विचारलं नाहीत. शिवाय, म्हणाली, आमच्या आईचा तुमच्यावर फार विश्वास, शेवटपर्यंत तुमच्या चिठ्ठीवरची एक गोळी चुकवली नाही. तिने पाणी दिलं, ते तसंच ठेवून मी उठलो.

शिंप्याला आता अर्ध्या गोळीवर आणलंय. पुढचं त्याचे हात बघून ठरवीन, मग तुझा कागद काही म्हणो.

बाईंच्या मुलीला गोळीचं मात्र सांगितलं नाही. उद्या सांगायला जातोय. मामी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं.

असंच भांडण्याइतका लोभ असू दे.
मामा